काळा थेंब आणि जाड अंगठी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर पाण्यानं भरलेलं काचेचं भांडं, आत एका बाजूला चिकटवलेला लाल स्पंज. ती म्हणे कॅन्सरची गाठ. कार्बनवाल्यानं, म्हणजे ते काळं औषध विकणाऱ्यानं, पाण्यात काळा थेंब सोडला, काचेवर हात ठेवला आणि काळा ढग सरळ गाठीकडे सरकला. शेजारी आईनं हात जोडले.

"नॅनो कार्बन," तो म्हणाला. "केसाहून हजारो पट बारीक नळ्या. औषध पाठीवर घेऊन गाठीचं घर बरोबर शोधतात. केमोला पत्ता माहीत नाही, म्हणून ती केस उपटत फिरते."

जसा काही पोस्टमनच.

गाठ आईच्या छातीत होती. पहिल्या केमोनं तिचे केस गेले, ओकून ओकून जीव नकोसा झाला. दुसरी चुकवून आठ दिवस झाले होते. त्याऐवजी रोज चमचाभर हे काळं. मी भांडले, तर म्हणाली, शाळा तू सोडलीस, मला नको शिकवूस.

पण त्या सकाळी चमचा घासताना बोटं काळी झाली. मी प्रिंटरची कार्ट्रिज भरते. ती काळी पूड, टोनर, माझी बोटं झोपेतही ओळखतील. आई टोनर पीत होती.

मी स्टेजवर चढले, तसं त्यानं विचारलं,

"कितवीत आहेस, बेटा?"

"नववीत सोडली." लोक हसले. "पेन्सिलचं शिसं म्हणजे कार्बनच ना?"

"अर्थात."

शिशाची पूड साबणाच्या पाण्यात कालवून आणली होती, ती एका काचेच्या पेल्यात ओतली. त्याला काचेवर हात ठेवायला लावला. पूड जागची हलेना. मग दुसऱ्या पेल्यात माझ्या दुकानातला टोनर तसाच कालवलेला ओतला. टोनर धावत गेला कार्बनवाल्याच्या बोटातल्या जाड अंगठीकडे.

"या टोनरमध्ये लोखंडाचा अंश असतो. अंगठीत चुंबक आहे. काढा ती."

त्यानं हात खिशात घातला. काळा ढग हळूहळू तळाला बसला.

टाळी कुणीच वाजवली नाही. एक काका तर माझ्यावरच चिडले, आमची आशा कशाला मोडतेस म्हणून. आई मात्र उठली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्या काळ्याची बाटली पाहिली, आईचं रक्त तपासायला पाठवलं. म्हणाल्या, अशा नळ्यांवर संशोधन खरंच चालू आहे, पण प्रयोगशाळेत. बाटलीत भरून हॉलमध्ये कुणी वाटत नाही. मी विचारलं, आठ दिवसांत गाठ किती वाढली असेल?

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार."

मग दुसऱ्या केमोची सुई टोचताना आईनं माझा काळा हात घट्ट धरला. भीती आम्हा दोघींनाही वाटत होती, अजून वाटते. तुम्हालाही वाटेल. वाटू दे. पण चमचा तोंडाला लावायच्या आधी देणाऱ्याला एवढं म्हणा: आधी अंगठी काढ, मग चमत्कार दाखव.