दहा मिनिटांची बैठक

सरांच्या कराटेच्या वर्गात शेवटची दहा मिनिटं बैठकीची. टायरच्या दुकानावरचा हॉल, लाकडी फळ्यांवर जुन्या चटया आणि त्यांवर गुडघे मोडून, डोळे मिटून बसलेली सोळा-सतरा माणसं. समोर सर, तेही डोळे मिटून. सरांची टाळी वाजेपर्यंत हलायचं नाही, एवढाच नियम. खालची फळी कुरकुरली की कोण चुळबुळलं ते सर बसल्या जागी ओळखत, आणि त्याला दुसऱ्या दिवशी लढत मिळत नसे. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि सरांना त्याचा भारी तोरा होता.

"हातपाय काय, कुणीही शिकवेल," ते म्हणायचे. "मी डोकं थंड करून देतो."

सगळ्यांत थंड डोकं कंपाउंडरचं. दिवसभर दवाखान्यात औषधं बांधून देणारा, चार शब्दांचं काम एका शब्दात उरकणारा माणूस. तीन वर्षांत त्याच्या खालची फळी एकदाही वाजली नव्हती. सरांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. जो तो त्याचं उदाहरण ऐकून कावला होता.

त्याच्या शेजारी बसायचा घड्याळजी. उजव्या डोळ्याला भिंग लावून दिवसभर केसाएवढे स्क्रू फिरवणारा हा माणूस बैठकीत मात्र एक मिनिट स्थिर राहील तर शपथ. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, माझी लढत कंपाउंडरशी नका लावू. बसलेला असताना तो करकरा दात खातो. तुम्ही एकदा डोळे उघडून बघा तरी."

"तू आधी स्वतःचे मीट," सर म्हणाले. "शेजाऱ्याच्या तोंडात कशाला डोकावतोस?"

वर्ग खो खो हसला. घड्याळजीही हसला, पण ओशाळून. आणि त्याची भीती मोडायची म्हणून सरांनी, स्वतःचाच नियम बाजूला ठेवून, दुसऱ्या दिवशी नेमकी त्याच दोघांची लढत लावली.

दुसऱ्याच मिनिटाला घड्याळजीचा तोल गेला. सर "थांबा!" म्हणून ओरडले. घड्याळजीने शिकवल्याप्रमाणे हात खाली घेतले. कंपाउंडर थांबला नाही. त्या उघड्या तोंडावर त्याने तीन ठोसे घातले, आणि चौथ्याला तिघांनी मिळून त्याला मागे ओढलं. त्याचा चेहरा तेव्हाही शांत होता.

घड्याळजीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजेड-अंधार कळेल, डॉक्टर म्हणाले, बारीक काही दिसायचं नाही.

सरांनी कंपाउंडरला वर्गातून काढलं. ते सोपं होतं. चौथ्या दिवशी मात्र ते दवाखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

"इतका शांत बसायचास रे तू," ते म्हणाले.

"शांत कुठला, सर." कंपाउंडर पायरीकडे बघत बोलला. "थोरल्या भावाला मारत असायचो. लहानपणी त्याने मला फार मारलंय. तुम्ही डोळे मिटा म्हणालात की तो समोर यायचा. अंग हलवायचं नाही म्हणून हलवत नव्हतो, एवढंच. रोज दहा मिनिटं."

"आणि मी थांबा म्हणालो, ते?"

"ऐकू आलं. पण आत कुणी थांबा म्हणतच नाही, सर. आत तुमची टाळी वाजली की संपतं." त्याचा आवाज फाटला. "टाळी वाजली असती, तर थांबलो असतो मी."

सर तसेच परत फिरले. घरी आल्यावर बायकोने समजूत घातली, "तुम्ही थोडंच मारलंत?" तर ते तिच्यावरच खेकसले. त्या माणसाला तीन वर्षं रोज सराव त्यांनीच दिला होता.

महिन्याभराने घड्याळजी वर्गावर आला. लढायला नाही, फक्त बसायला. आपल्या जुन्या जागी बसला. शेजारची चटई रिकामीच होती. सरांनी नेहमीसारखं "डोळे मिटा" म्हटलं, आणि स्वतः मात्र, बावीस वर्षांत पहिल्यांदा, उघडे ठेवले.

एकही फळी वाजत नव्हती. पण शाळेतल्या बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं. पोस्टमनच्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की बोटं पांढरी पडली होती. सर्वांत मागे बसलेली नर्स ओठांतल्या ओठांत कुणाशी तरी भांडत होती. सर एकेका चेहऱ्यावरून पुढे सरकत राहिले.

शेवटी नजर घड्याळजीवर आली. त्याने डोळे मिटलेच नव्हते. एक चांगला आणि एक लाल, पाणावलेला, असे दोन्ही डोळे सरांवर लावून तो बसला होता. आज जरासुद्धा चुळबुळत नव्हता.

"आता बघताय, सर?" तो हळूच म्हणाला.

सरांनी टाळी वाजवायला हात उचलले. ते एकमेकांना लागेनात.