प्रबुद्धची जन्मवेळ

शनिवारी सकाळी लंडनजवळच्या पिनरच्या चर्च हॉलमध्ये मराठी शाळा भरे, आणि सतीश सबनीस तिथे मराठी शिकवता शिकवता गणितही शिकवून टाकत. आयुष्यभर स्लाऊच्या शाळेत त्यांनी फिजिक्स शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसत नव्हते. त्या दिवशी आठ वर्षांच्या मायराने पाटी वर केली. उत्तर बरोबर होतं.

"कसं आलं गं?" त्यांनी विचारलं.

मायराने शेजारच्या नकुलकडे तिरक्या डोळ्याने पाहिलं. "आला असाच, सर."

सतीशराव तिच्याजवळ गुडघ्यावर बसले. ते कधी रागवत नसत. "असाच आलेला उत्तर आपलं नसतं बाळा. बरोबर असलं तरी आपलं नसतं. चल, आपण दोघं मिळून परत करू." व्याकरणाची चूक त्यांनी तिचीच उचलली आणि मायरा खुदकन हसली.

हेच वाक्य ऐकत त्यांची मुलगी अक्षया मोठी झाली होती. जेवताना, गाडीत, गृहपाठ करताना: कसं कळलं? उत्तरापेक्षा रस्ता मोठा, असं सतीशरावांचं मत. आता अक्षया नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती, आणि तिथेच काम करणाऱ्या प्रबुद्ध मेश्रामशी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा नागपूरचा, बौद्ध कुटुंबातला. हसरा, सावकाश बोलणारा. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा सतीशरावांनी त्याला मिठी मारली होती, आणि ती खोटी नव्हती. हे त्यांनी नंतर स्वतःला बऱ्याचदा बजावलं.

शाळा सुटल्यावर खुर्च्या रचताना अजय त्यांच्याजवळ आला. अजय कमिटीचा खजिनदार. गावभरची बातमी त्याच्या खिशात असे.

"सतीशराव, रागावू नका हं. तुमच्या जावयाचं एक कानावर आलं. माझा भाचा पूर्वी नॉटिंगहॅमला त्याच्याच गल्लीत राहायचा. वॉरंट निघालं होतं म्हणे त्याच्या नावावर."

"कसलं वॉरंट?"

"ते काय आपल्याला माहीत! पण चौकशी करून ठेवा. आपण जातपात मानत नाही, ते सोडाच. तरीपण मुलगी द्यायची म्हणजे..." अजयने वाक्य अर्धवट ठेवलं आणि खुर्ची उचलली.

सतीशरावांनी त्याला तिथेच गप्प करायला हवं होतं. किंवा घरी जाऊन सरळ प्रबुद्धला फोन लावायला हवा होता. त्यांनी दोन्ही केलं नाही. घरी जाऊन ते कॉम्प्युटरसमोर बसले.

वॉरंट शोधायचं कसं, याची पानंच्या पानं निघाली. सगळी अमेरिकेतली, नाव टाका, कार्ड नंबर टाका, यादी बघा. या देशात अशी यादीच नव्हती. सोमवारी त्यांनी पोलिसांच्या चौकशी नंबरवर फोन केला. फोनवरची बाई गोड बोलली, पण बधली नाही. दुसऱ्याबद्दल आम्ही काही सांगत नाही, म्हणाली. ज्याचं नाव असेल त्याने स्वतः विचारावं, नाहीतर त्याच्या वकिलाने. कोर्टाच्या ऑफिसला नाव आणि जन्मतारीख दिली की ते त्यांच्या नोंदी बघून सांगतात. मग तिने हळूच विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"काही नाही," म्हणून सतीशरावांनी फोन ठेवला. मुलीच्या होणाऱ्या नवऱ्याचे आपण कोण, याचं एवढं लहान उत्तर आपल्या तोंडून निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

जन्मतारीख. ती कशी मागायची?

आणि इथेच त्यांना ती युक्ती सुचली. संध्याकाळी अक्षयाचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "अगं, प्रबुद्धची जन्मतारीख, जन्मवेळ पाठव ना. पुण्याला सुभाषकाका पत्रिका बघतो. त्याची हौस."

"बाबा, तुम्ही आणि पत्रिका? सीरियसली?"

"म्हातारपण गं," ते हसले.

स्वयंपाकघरातून नीनाताई बाहेर आल्या. छत्तीस गुणांची खिल्ली उडवत ज्या माणसाने आपल्याशी लग्न केलं, तो हे बोलतोय? "अहो, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"सुभाषला बरं वाटेल," ते म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं.

जन्मतारीख लगेच आली. वेळ आईला विचारून कळवतो काका, असं प्रबुद्धने स्वतः लिहिलं होतं, शेवटी हात जोडल्याचं चित्र. पत्ता घरात होताच. आताचा निमंत्रणांच्या यादीत, कारण ती सतीशरावच करत होते, आणि पूर्वीचा जुन्या डायरीत, दिवाळीचा फराळ पाठवला होता तेव्हाचा.

दुसऱ्या दिवशी नीनाताई बागेत असताना त्यांनी प्रबुद्ध पूर्वी राहत असे त्या भागाच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या ऑफिसला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. ते मनात वाक्य जुळवत होते: मी एका मित्राबद्दल विचारतो आहे. पण पलीकडून आवाज आला, "नाव सांगा," आणि त्यांच्या तोंडून निघालं, "प्रबुद्ध मेश्राम."

जन्मतारीख विचारली. त्यांनी सांगितली. पत्ता विचारला. तोही सांगितला, न अडखळता, वर्गात पाढा म्हणावा तसा.

"एक मिनिट हं," बाई म्हणाली. की-बोर्डची टकटक ऐकू आली. मग, "नाही, मिस्टर मेश्राम. आता तुमच्या नावावर काहीच नाही. ते वॉरंट नोव्हेंबरमध्ये तुम्ही हजर झालात तेव्हाच मागे घेतलं गेलं. काळजी करू नका."

काळजी करू नका. तिने ते इतक्या मायेने म्हटलं की सतीशरावांना दरदरून घाम फुटला. त्यांनी थँक यू म्हटलं, तेही प्रबुद्धच्याच वतीने.

म्हणजे वॉरंट होतं. आणि आता नव्हतं. कशाचं, ते मात्र विचारता येत नव्हतं; कोर्टात हजर झालेल्या माणसाला स्वतःवरचा आरोप ठाऊक असणारच. अर्धं उत्तर हातात आलं होतं आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. खिडकीतून नीनाताई गुलाबाची छाटणी करताना दिसत होत्या. त्यांनी हात हलवला. सतीशरावांनीही हलवला.

रविवारी दोघं जेवायला आले. नीनाताईंनी भरली वांगी केली होती. प्रबुद्ध बसल्या बसल्या म्हणाला, "काका, जन्मवेळ मिळाली. पण फार मोठी कथा झाली तिची."

"अरे, राहू दे ना ते," सतीशराव घाईने म्हणाले.

"नाही, ऐका तर. आमच्या घरी पत्रिका हा शब्दच नाही. आईने दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या दिवसापासून असलं काही दारात येऊ दिलं नाही. ताईच्या लग्नात एका नातेवाइकाने मुहूर्त काढला तर त्याला चहासुद्धा दिला नव्हता." तो हसला. "मी भीत भीत विचारलं. मला वाटलं, आता भाषण ऐकावं लागणार. तर ती म्हणाली, आपण मानत नाही, पण ते म्हातारे गृहस्थ मानत असतील तर त्यांचं मन कशाला मोडायचं? त्यांनी आपलं घर पाहिलं नाही, माणसं पाहिली नाहीत, तरी मुलगी देताहेत. आपणही एक पाऊल टाकू."

नीनाताईंचे डोळे भरून आले. सतीशराव ताटाकडे बघत राहिले.

"पण तिला वेळ आठवेना. एवढंच लक्षात की दूधवाला येऊन गेला होता. मग तिने त्या वेळच्या शेजारीणबाईंना शोधून काढलं, त्या आता वर्ध्याला असतात. दोघी तासभर बोलल्या. शेवटी ठरलं, पहाटे पाचच्या सुमाराला. चालेल ना?"

"चालेल," सतीशराव म्हणाले.

"आणि आणखी एक," प्रबुद्ध म्हणाला आणि अक्षयाकडे बघितलं. तिने मान हलवली. "ही म्हणते, लग्नाआधी तुम्हाला सांगायला हवं. खरंतर गंमतच आहे, पण बाहेरून कळलं तर वाईट दिसेल. मागच्या वर्षी माझ्यावर अटक वॉरंट निघालं होतं."

"अगंबाई!" नीनाताईंची पळी हातातच राहिली.

"काकू, घाबरू नका. मी जुनी गाडी विकली. घेणाऱ्याने कागद आपल्या नावावर केलेच नाहीत, आणि मोटरवेवर पळवली सुसाट. कॅमेऱ्यात सापडली माझी गाडी! पत्रं सगळी माझ्या जुन्या फ्लॅटवर. गाडी कोण चालवत होतं सांगा, सांगा, सांगा... मी कशाला सांगतोय, मला पत्ताच नाही. कोर्टात तारीख लागली, मी गैरहजर. निघालं वॉरंट. एक दिवस त्या फ्लॅटमधली मुलगी पत्रांचा गठ्ठा घेऊन हॉस्पिटलात आली, म्हणाली, तुम्हाला पकडायच्या आत वाचा."

"मग?" नीनाताईंनी विचारलं.

"मग काय, कोर्टाला फोन केला, नाव-जन्मतारीख सांगितली, विचारलं बाई, माझ्यावर काय आहे? ती म्हणाली, येऊन हजर व्हा. वकील घेऊन गेलो, गाडी विकल्याचे पुरावे नेले—"

सतीशरावांना त्या क्षणी एकच हवं होतं: या मुलाच्या खांद्यावर हात ठेवावा आणि त्याला मोकळं करावं. स्वतः मोकळं व्हावं. "आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतलं त्यांनी," ते उत्साहाने म्हणाले. "संपलं की मग! त्यात लाजायचं काय?"

प्रबुद्धचा हात पोळीवर थांबला.

"नोव्हेंबर मी म्हटलं का?" त्याने अक्षयाला विचारलं.

"नाही," अक्षया म्हणाली. ती वडिलांकडे बघत होती. पिनरच्या घरातल्या त्याच टेबलावर तिने शेकडो गृहपाठ केले होते, आणि शेकडो वेळा तिला विचारला गेलेला प्रश्न तिने आता हळू आवाजात विचारला. "बाबा, कसं कळलं?"

अजयचं नाव घेता आलं असतं. भाच्याने सांगितलं, म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. सतीशरावांनी तोंड उघडलं आणि मायराची पाटी त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

"मी कोर्टाला फोन केला," ते म्हणाले. "ते दुसऱ्याबद्दल सांगत नाहीत. म्हणून मी... मी प्रबुद्ध मेश्राम बोलतोय असं सांगितलं. जन्मतारीख त्यासाठीच हवी होती. पत्रिका वगैरे काही नव्हतं. सुभाषला यातलं काहीच ठाऊक नाही."

नीनाताईंनी पळी हळूच भांड्यात ठेवली. "अहो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि तो शब्द सतीशरावांनी इतक्या वर्षांत असा कधी ऐकला नव्हता.

"फोनवर मी कसा वाटलो, काका?" प्रबुद्धने विचारलं. तो हसण्याचा प्रयत्न करत होता, पण चेहरा साथ देत नव्हता.

"बाबा, एक सांगा," अक्षयाचा आवाज चिरकला. "मी जोशी नाहीतर कुलकर्णीशी लग्न करत असते, तर हा फोन केला असता? का त्यालाच विचारलं असतं?"

सतीशरावांना लगेच उत्तर द्यावंसं वाटलं: हो, नक्की केला असता, बाप आहे मी. ते उत्तर असंच आलं होतं, आयतं. त्यांनी ते पुन्हा तपासून बघितलं. "त्याला विचारलं असतं," ते शेवटी म्हणाले. "चहा पिता पिता विचारलं असतं."

अक्षया उठली आणि बागेत निघून गेली. नीनाताई तिच्यामागे गेल्या. टेबलावर दोघंच उरले, आणि मध्ये गार होत चाललेली वांगी.

"लग्न होईल," प्रबुद्ध म्हणाला. "ते माझं आणि तिचं आहे. मी तुमच्यावर ओरडणारही नाही. पण एक अडचण आहे, काका. आई रोज विचारते, जुळली का रे पत्रिका? तिला मी खोटं सांगत नाही. कधीच नाही. आणि खरं... खरं माझ्याने सांगवणार नाही. वर्ध्याला फोन करून तिने..." तो थांबला आणि पाण्याचा पेला उचलला.

सतीशरावांना सगळं समजलं. हा मुलगा काही मागत नव्हता. आपल्याला जमणार नाही तेवढंच त्याने सांगितलं होतं. उरलेलं कुणाचं काम, ते उघड होतं.

"नंबर दे," ते म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर मला बहाणे सुचतील."

प्रबुद्धने नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठमोरा. बागेत नीनाताई अक्षयाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. फोन वाजत राहिला. सतीशरावांनी कोर्टाला फोन करताना मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. आता एकही जुळेना. नागपुरात आता संध्याकाळ झाली असेल, बाई कदाचित विहारात गेल्या असतील, असं एकदा मनात येऊन गेलं, आणि त्या आशेचीसुद्धा त्यांना लाज वाटली.

"हॅलो, प्रबुद्ध? जेवलास का रे बाळा?" पलीकडून प्रबुद्धच्या आईचा, विमलाबाईंचा आवाज आला. "जुळली का मग?"

सतीशराव खुर्चीवरून उठून उभे राहिले, जणू त्या समोरच होत्या.

"नमस्कार. प्रबुद्ध नाही," ते म्हणाले. "मी सतीश सबनीस बोलतोय."