स्वयंपाकघरातली माफी

रत्नागिरीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत शिक्षा व्यासपीठावरून जाहीर होई आणि क्षमा मागच्या दाराने येई. यात कोणाला काही विसंगत वाटत नसे. रिबकाबाईंना ते वाटले, पण स्वतःवर पाळी आल्यावरच.

पाळी आली ती आईमुळे. सोनूबाईंनी तरुणपणी राजापूरकडचे खेडे सोडून नवऱ्याबरोबर बाप्तिस्मा घेतला होता आणि त्यानंतर एकही उपासना चुकवली नव्हती. शेवटच्या दुखण्यात मात्र त्या भ्रमात गेल्या आणि जात्यावरच्या, ग्रामदेवीच्या ओव्या गाऊ लागल्या. मधले चरण आठवेनात, की कासावीस होत. रिबकाबाईंनी जात्यावर ओव्या गाणाऱ्या शेजारच्या राहीला बोलावले. राहीने उशाशी बसून सुचतील तसे चरण जोडून दिले, आणि म्हातारीने शांतपणे डोळे मिटले. पुढच्याच रविवारी पाळकांनी जाहीर केले, की मरणशय्येपाशी मूर्तिपूजेची गाणी म्हणवल्याबद्दल रिबकाबाईंना प्रभुभोजनातून, भाकर-द्राक्षारसाच्या त्या पवित्र विधीतून, वगळले आहे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या कानी ही गोष्ट घातली होती रिबकाबाईंच्याच धाकट्या भावाने, अहरोनने. तो स्वतःही पंच होता.

शुभवर्तमानाने अशा प्रसंगासाठी क्रम घालून दिला आहे: आधी एकांतात सांगावे, मग दोघातिघांसमक्ष, आणि अगदी अखेरीस मंडळीपुढे. पंचांनी, बहुधा वेळ वाचावा म्हणून, अखेरीपासूनच सुरुवात केली होती.

मुलींना संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेल्या रिबकाबाईंनी ठरवले, की उत्तरही मंडळीपुढेच द्यायचे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी तयारीची उपासना असे, आणि तीत पाळक विचारत, कोणाची कोणाविरुद्ध काही तक्रार आहे का. तेव्हा उठायचे. याची कुणकुण लागताच पाळक घरी आले. घरातले घरात मिटावे, चारचौघांत मंडळीचे हसे होऊ नये, असे पुष्कळ काही गोड बोलून झाल्यावर म्हणाले, "बहीणभावांचं भांडण चव्हाट्यावर कशाला, बाई?"

"मी नव्हते गेले चव्हाट्यावर. मला नेलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अहरोन आला, परसातून. बाई नारळ खवत होत्या. तो चुलीपाशी उभाच राहिला.

"आक्का, त्या दिवशी मी दाराबाहेर होतो. राही चुकत होती गो. तो चरण मला येत होता. ओठांवर आला माझ्या, आणि मी भ्यालो."

"म्हणून स्वतःला लपवायला मला पुढे केलंस."

"हो. माफ कर."

"हेच तिथे सांगशील?"

त्याने मान खाली घातली. पंचपद जाईल, पोरींची लग्ने व्हायची आहेत, असे तो पुटपुटला. बाईंनी खवणी बाजूला सारली. "हे मला सांगून तू माझं तोंड शिवलंस, अहरोन. माफ केलं. जा आता."

तो गेला, पण त्यांचा पाय एका जागी ठरेना. पडवीतून परसात, परसातून पडवीत. सगळे खरे सांगितले तर त्यांचे नाव धुऊन निघणार होते आणि त्यांच्या जागी भाऊ उभा राहणार होता. गप्प बसले तर आईच्या शेवटच्या सुखाला पाप म्हटलेले तसेच राहणार होते. बोलायचे म्हणून ओळीने रचलेली वाक्ये एकेक निकामी होत गेली.

दुपारी तयारीच्या उपासनेत पाळकांनी तो प्रश्न विचारला. उत्तर येत नसते, या विश्वासाने ते पुस्तकाचे पान उलटू लागले, आणि रिबकाबाई उठल्या.

"माझी भावाविरुद्ध तक्रार नाही. ते आमचं आम्ही घरात मिटवलं. तक्रार मंडळीविरुद्ध आहे. मला काही न विचारता इथून माझं नाव घेतलंत. आता इथेच विचारा."

पंचांच्या बाकावर कोणीतरी घसा खाकरला. पाळक म्हणाले, की पंच यथाकाल विचार करतील, बाईंनी बसावे. बाई बसल्या नाहीत. तेव्हा पाळकांनी गीत जाहीर केले, आणि गाण्यासाठी सारी मंडळी उठली. बाईंचे उभे राहणे त्या गर्दीत बेमालूम बुडाले. इतका साधा उपाय पंचांना कोणत्याही ठरावात सुचला नसता. रिबकाबाई गायल्या नाहीत.

गीत संपले. बाके करकरली, लुगडी सावरली गेली, सगळे बसले. रिबकाबाई उभ्या होत्या. पंचांच्या बाकापाशी अहरोनही उभा होता.

"अहरोनराव, गीत संपलं," पाळक हळूच म्हणाले.

"हो," तो म्हणाला. पण तो बसला नाही.