सहलीचं मलम

१९८४ सालची गोष्ट. शाळेची सहल दरवर्षी तळ्यावर जायची आणि गल्लीतल्या बारा घरांना डासांचं आणि उन्हाचं मलम थोरली जाऊ करून द्यायची. धंदा शिवणाचा, पण जीव मलमात. मेण खोबरेलात वितळवायचं. उन्हाच्या मलमात झिंकची पांढरी पूड घोटायची, डासांच्या मलमात गवती चहाचं आणि लिंबाच्या सालीचं तेल घालायचं. उन्हाचं सकाळी लावायचं, डासांचं दिवे लागल्यावर. माप असं काही नाही, सगळं अंदाजपंचे.

धाकटी जाऊ औषधाच्या दुकानात कामाला होती. सहलीच्या सकाळी ती डबी हुंगतच स्वयंपाकघरात आली.

“जाऊबाई, उन्हाच्या मलमाला लिंबाचा वास कसा?”

“मुलं म्हणाली, दवाखान्यासारखं वासतं. म्हणून यंदा सालीचं तेल घातलं. तुझ्या लेकीला तर भारी आवडलं!”

“अहो, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते. रात्री चालतं, दिवसा नाही.”

“झालं! दोन वर्षं पुड्या बांधल्या आणि डॉक्टरीण झाली.”

“ऐकायचं नसेल तर राहिलं,” म्हणत धाकटी लेकीचं तोंड साबणाने धुवायला निघून गेली.

थोरली मशीनवर बसली. शिवण वाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली, तर दोरा तुटला. उठून धुतलेलंच पातेलं धुतलं, खिडकी उघडली, लावली, परत उघडली. उजेडात डाव्या मनगटाकडे लक्ष गेलं. कालपासून तिथे आग होत होती. इस्त्री लागली असेल म्हणून तिनं सोडून दिलं होतं. आता पाहिलं तर लाल पट्टे तीन, बोटांनी ओढल्यासारखे. परवा मलम मऊ झालंय का ते तिनं तिथेच लावून पाहिलं होतं आणि दुपारभर याच खिडकीत उन्हात काजं केली होती.

इस्त्रीला कुठली आलीत बोटं!

सव्वासात झाले होते. बस साडेसातची. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची, अशी ती धावत सुटली. दारोदार एकच उत्तर, “मुलं केव्हाच गेली!” शाळेच्या अंगणात मुलं रांगेत उभी होती, तोंडं पिठात बुडवल्यासारखी पांढरी.

मलम नासलंय म्हणावं का? पण मग मुलं रुमालाने पुसतील आणि बसमध्ये चढतील. वीस वर्षांचं नाव एका वाक्यात जाणार होतं. ती शाळेच्या पायरीवर, बाईंच्या शेजारी चढली.

“बाई, बस थांबवा! माझी चूक झालीय. या मलमाने मुलं उन्हात भाजतील. सगळ्यांना साबणाने धुवा.”

मुलीला सोडायला आलेल्या पोस्टमनच्या बायकोने विचारलं, “आणि इतकी वर्षं आमच्या पोरांना काय फासत होतात?”

तेवढ्यात लेकीला सोडायला आलेली धाकटी बादली घेऊन पुढे झाली. “इतकी वर्षं चांगलंच होतं, यंदाच बिघडलं. भांडण नंतर करा. आधी पोरं नळावर आणा.”

बस तासभर उशिरा सुटली. मुलं टोप्या घालून, बाह्या खाली ओढून गेली. पोस्टमनच्या मुलीनं मात्र आदल्या दिवशीच मलम लावून मैदानात दुपार काढली होती. तिच्या मानेवर फोड आले. थोरली रोज गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला जायची. मुलीची आई दार उघडायची, पण बोलायची नाही.

मानेचे डाग वर्षभराने गेले. ती मुलगी आता पोहायला शिकवते. धाकटीने पुढे स्वतःचं दुकान काढलं. गल्लीने उन्हाचं मलम तिथलंच घ्यायचं असं तिनं ठरवून टाकलं. डासांचं थोरली आणखी नऊ वर्षं करत राहिली, तेही धाकटीसमोर थेंब मोजून, आणि प्रत्येक थेंबाला दोघींची जुंपायची. थोरली वारून आता बरीच वर्षं झाली. थोरली रस्त्यात दिसली की पोस्टमनची बायको अखेरपर्यंत मान वळवून पलीकडून जायची. धाकटीला राग यायचा.

“जाऊ दे गं,” थोरली म्हणायची. “मुलगी तिची भाजली.”