तांब्याची खोली

इस्पितळात मेंदूच्या लहरी टिपायची नवी खोली बांधायचं काम इंजिनिअरकडे आलं आणि त्याने ते जीव ओतून केलं. मेंदूचे संकेत इतके क्षीण, की मोबाइलच्या किंवा वॉकीटॉकीच्या लहरी आत शिरल्या तर पडद्यावर नुसती गिचमिड उमटते. म्हणून भिंती, छत, जमीन सगळं त्याने तांब्याच्या पत्र्याने मढवलं. दाराच्या कडेने तांब्याच्या लवचीक पट्ट्या लावल्या. दार लागलं की त्या पट्ट्या धातूच्या चौकटीला घट्ट टेकायच्या आणि फटीतूनही लहरी आत शिरायच्या नाहीत.

उद्घाटनाला आठवडा होतो न होतो तोच तक्रार आली. आलेख मध्येच बिघडत होते. इंजिनिअरने यंत्र पाहिलं, तारा पाहिल्या आणि तिथल्या सिस्टरकडे वळून म्हणाला, ''कुणीतरी फोन आत नेतंय.''

''मी नाही हो. माझा बाहेर कपाटात असतो.''

''मग काय माझ्या भिंतींना भोकं पडली?''

बाहेरच्या बाकावर पेशंटचे नातेवाईक बसले होते. सिस्टरचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्याच दिवशी विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी तिला वॉर्डात धाडलं.

त्याच संध्याकाळी तपासणीला इंजिनिअर छोटा रेडिओ घेऊन आला. खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं. आता रेडिओ मुका व्हायला हवा होता, पण गाणं आपलं चालूच. त्याने चौकटीवरून बोट फिरवलं. चौकटीवर पांढरा तैलरंग होता. ''पाहुणे यायचेत, उघडा धातू बरा दिसत नाही,'' असं म्हणून त्यानेच तो मारून घेतला होता. मधे रंग आल्याने पट्ट्या धातूला टेकतच नव्हत्या.

त्याने गपचूप रंग खरवडला, चौकट लख्ख पुसली. दार लावताच रेडिओ गप्प झाला.

दोन दिवसांनी डॉक्टरबाई भेटल्या. ''सिस्टर गेली आणि कटकट मिटली बघा.''

''हं,'' तो म्हणाला.

त्या एका 'हं'ने त्याला घरी जेवू दिलं नाही. बायकोने काय झालं म्हणून विचारलं, तर तिच्यावरच खेकसला आणि मग त्याचीही लाज वाटली.

सकाळी उठून त्याने आधी डॉक्टरबाईंचं दार ठोठावलं आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ''तिला परत बोलावते. पण ती येईलच, असं नाही.''

वॉर्डात सिस्टर एका आजोबांचा पलंग आवरत होती. तो जवळ जाऊन हळूच म्हणाला, ''सिस्टर, चूक माझी होती.''

''मला ठाऊक होतं, फोन कपाटात होता ते,'' ती म्हणाली. ''पण तुम्ही इतक्या ठामपणे बोललात, की नंतर मीच माझे खिसे चाचपत होते.'' तिने मान वर केली. ''आणि आत्ता का कुजबुजताय? तेव्हा तर चांगलं बाकापर्यंत ऐकू गेलं होतं.''

त्याने घसा खाकरला. सगळा वॉर्ड त्याच्याकडे बघत होता. ''खोली मी बिघडवली होती,'' तो मोठ्याने म्हणाला. ''सिस्टरचा काही दोष नव्हता. मी त्यांच्यावर खोटा आळ घेतला.'' त्याचे कान तापले. कोपऱ्यातलं कुणीतरी खोकलं.

''बरं,'' सिस्टर म्हणाली. ''आता जरा सरका. मला चादर घालायचीय.''