जेबेझच्या तोंडून ‘पुरे’

जेबेझ ऑल्डरसनचे दात मोजून झाले तेव्हा मिस प्रॉक्टरने समाधानाने वही उघडली. वरचे अकरा, खालचे तेरा, सगळे त्याचे स्वतःचे. घोडा विकत घेतानासुद्धा कोणी इतकं आत वाकून बघत नाही, असं डॉर्कसच्या मनात आलं. ती जेबेझची बायको, घरही तिचंच, पण तिचं मत कोणी विचारलं नव्हतं.

विद्यापीठातल्या कुणा प्राध्यापकांनी ठरवलं होतं, की यॉर्कशरच्या डोंगरातली जुनी बोली म्हातारी माणसं मरायच्या आत लिहून घ्यायची. त्यासाठी माणूस हवा तो इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला, फारसा कुठे न गेलेला आणि दात शाबूत असलेला. बोळक्या तोंडातून निघालेल्या शब्दावर विद्वानांचा भरवसा नसतो. थॉर्सडेलच्या खोऱ्यात सत्तरी ओलांडलेले नऊ पुरुष होते. त्यांतल्या आठांनी सरकार फुकट कवळ्या वाटायला लागल्याबरोबर धडधाकट दातसुद्धा उपटून घेतले होते. फुकट मिळालं तर आमची माणसं विषही घरी नेतील. राहिला जेबेझ.

“तुम्ही नाही काढले दात?” मिस प्रॉक्टरने विचारलं.

“काढायला गावात जावं लागतं,” जेबेझ म्हणाला. त्या दिवशी तो याहून लांब वाक्य बोलला नाही.

मग मिस प्रॉक्टर डॉर्कसकडे वळली. पोरगी तिशीच्या आतली, नाकावर चष्मा, पायात या चिखलात न टिकणारे बूट. “आणि मिसेस ऑल्डरसन, तुमचा जन्म कुठला?”

“मिकलडेल. त्या डोंगरापलीकडे. सहा मैल.”

मिस प्रॉक्टरने पेन्सिल खाली ठेवली. “मग एक विनंती आहे. मिस्टर ऑल्डरसन उत्तर देत असताना तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तुमचा एखादा शब्द मिसळला तर सगळं नासेल.”

“सेहेचाळीस वर्षं झाली मला इथं येऊन.”

“हो, पण तुम्ही इथल्या नाही ना,” मिस प्रॉक्टर म्हणाली, आणि तेही इतक्या गोड आवाजात की डॉर्कसला राग काढायलाही जागा उरली नाही.

हे वाक्य तिला नवं नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा पहिल्याच जेवणाला सासूने तिच्या ताटलीत रस्सा वाढला आणि ती ‘पुरे’ म्हणाली. लंडनवाले त्याला ‘इनफ’ म्हणतात. थॉर्सडेलमध्ये म्हणतात ‘इनीअफ’, आणि मिकलडेलमध्ये ‘इन्यूफ’. नव्या नवरीच्या तोंडून तो ‘इन्यूफ’ निघाल्याबरोबर सासूने पळी खाली ठेवली. पुढच्या रविवारी तिने आपल्या दोन्ही बहिणींना मुद्दाम जेवायला बोलावलं, आणि सुनेची ताटली भरत राहिली, भरत राहिली, शेवटी ती पुन्हा ‘इन्यूफ’ म्हणेपर्यंत. तिघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. डॉर्कसने त्याच दिवशी ठरवलं की काहीही होवो, हा शब्द बदलायचा नाही. तिने तो बदलला नाही, आणि खोऱ्यानेही तिचं नाव बदललं नाही. तिने तीन मुली वाढवल्या, सासूचं आजारपण काढलं, दर वसंतात बर्फात अडकलेली कोकरं एप्रनमध्ये गुंडाळून आणली. तरी दुकानात, चर्चमध्ये, मेंढीबाजारात ती ‘जेबेझची ती मिकलडेलची’ राहिली ती राहिलीच.

आता जेबेझचं नाव पुस्तकात छापून येणार होतं. पुढे खोऱ्याचं नाव, जेबेझ ऑल्डरसन, थॉर्सडेल, असं. डॉर्कसला तेच टोचत होतं. हा माणूस दिवसाला बारा शब्द बोलतो, आणि थॉर्सडेलची बोली म्हणून पुस्तकात जाणार तो. एका ओळीत आपलंही नाव असावं, एवढंच तिला हवं होतं. तिने सोमवारीच विचारून पाहिलं.

“एखादा शब्द मीही सांगू का? चीज करण्यातले तर याला ठाऊकसुद्धा नाहीत.”

“नियमात बसत नाही हो,” मिस प्रॉक्टर म्हणाली.

प्रश्न तेराशे होते. गाईच्या आचळांपासून स्वर्गापर्यंत सगळं त्यात होतं. गंमत अशी, की हवा असलेला शब्द विचारणाऱ्याने स्वतः उच्चारायचाच नाही. नुसतं आडून आडून विचारायचं आणि तो समोरच्याच्या तोंडातून आपसूक बाहेर यायची वाट बघायची. जेबेझ चार दिवस चुलीपाशी बसून एकेक शब्द टाकत होता. गुरुवारी दुपारी तेराशेपैकी एकच जागा कोरी राहिली, ‘पुरे’ची.

मिस प्रॉक्टरने कंबर कसली. “समजा, दोरी गाडीला बांधायची आहे, पण ती टोकापर्यंत पोचत नाही. मग तुम्ही काय म्हणाल? ही दोरी काही लांब…”

“दुसरी आणीन.”

“बरं. मेंढ्यांना गवत घातलं. आणखी घालायची गरज नाही. म्हणजे गवत झालं…”

“ते मेंढ्या ठरवतात.”

“पण मेंढ्या बोलत नाहीत!”

“म्हणून तर पाळतो.”

“कोणी तुमच्या कपात चहा ओततच राहिलं, तुम्हाला आणखी नको आहे. तेव्हा काय म्हणता?”

जेबेझने उत्तरादाखल हातातला कप बशीत पालथा घातला आणि त्याच्या बुडावर चमचा ठेवला. आमच्याकडे चहा नको असला की हेच करतात. आजोबा-पणजोबांपासून असंच आहे, तोंड उघडायची गरजच पडत नाही. कप पालथा झाला की पाद्रीसुद्धा किटली खाली ठेवतो.

चार दिवसांत तो कप पालथा घातलेला मिस प्रॉक्टरने सोळा वेळा पाहिला, पण जेबेझ काही ताकास तूर लागू देईना.

संध्याकाळी जेबेझ मेंढ्यांकडे गेला तेव्हा ती डॉर्कसजवळ बटाटे सोलायला बसली. पोरगी कामाला वाईट नव्हती, साल जाड काढायची एवढंच.

“एका शब्दापायी एवढा जीव काय काढतेस?” डॉर्कसने विचारलं.

“हजार वर्षांहून जुना शब्द आहे तो, मिसेस ऑल्डरसन. पूर्वी त्याच्या शेवटी घशातून खाकरल्यासारखा आवाज यायचा. मग कुठे तो आवाज गळाला, कुठे त्याचा ‘फ’ झाला. प्रत्येक खोऱ्याने आपल्याला हवा तसा घासून घेतला. आणि अर्थ तर बघा. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचा अर्थ भरपूर, अगदी मनसोक्त असाही व्हायचा. मग तो हळूहळू खाली आला. भरपूरचा झाला गरजेपुरता, आणि आता कोणी ‘बरंय, पुरेसं आहे’ म्हटलं की समजायचं, जेमतेमच आहे.”

“लग्नासारखंच की,” डॉर्कस म्हणाली.

मिस प्रॉक्टर हसली नाही. “उद्या दोनच्या बसने मला गेलंच पाहिजे. एक जागा कोरी राहिली तर प्राध्यापक हे अख्खं खोरंच वगळतील. थॉर्सडेल पुस्तकात येणारच नाही.”

डॉर्कसचा चाकू थांबला. आपलं नाव नाही ते नाही, पण आता नवऱ्याचंही जाणार, खोऱ्याचंही जाणार. या खोऱ्याने तिला कधी आपली म्हटलं नव्हतं, तरी ते वगळलं जाणार हे तिला सोसेना. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

शुक्रवारी दुपारच्या जेवणाला डॉर्कसने ओटच्या भाकऱ्या, खारवलेलं डुकराचं मांस आणि चीज मांडलं. महायुद्ध संपून सहा वर्षं झाली तरी चहा अजून रेशनवर होता, माणशी आठवड्याला दोन औंस. मांस, लोणी शेतावरचं होतं, त्याची ददात नव्हती. चहाची मात्र चिमूट-चिमूट जपावी लागे. डब्यात राहिला होता तेवढा मंगळवारपर्यंत पुरवायचा होता.

जेबेझने एक कप चहा घेतला, कप पालथा घातला, वर चमचा ठेवला.

आणि मिस प्रॉक्टरने तो कप उचलला, सुलटा केला आणि त्यात चहा ओतला.

पालथ्या घड्यावर पाणी ओतू नये, एवढं शहाणपण पोरगी शाळेत शिकली असेल. पण घडाच सुलटा करायचा, हे थॉर्सडेलमध्ये आजवर कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. टेबलाखालचा कुत्रा उठून बाहेर गेला. जेबेझ कपाकडे बघत राहिला. वाढलेलं टाकायचं नाही ही आईची शिकवण. त्याने तो चहा प्यायला आणि कप पुन्हा पालथा घातला.

तिने पुन्हा सुलटा केला आणि ओतला.

तिसरा कप झाला. चौथा झाला. किटली रिकामी झाली तशी मिस प्रॉक्टर स्वतः उठली, डबा उघडला आणि भरघोस चहापत्ती किटलीत टाकली. मंगळवारपर्यंतचा चहा होता तो. घड्याळात दीड वाजला होता. पाचवा कप पिताना जेबेझच्या कपाळावर घाम आला. सहाव्याला त्याने कोटाचं वरचं बटण सोडलं, पण तोंडातून चकार शब्द नाही. मिस प्रॉक्टरचे डोळे पाण्याने भरले होते, तरी ती ओतत होती.

सातव्या कपाला मात्र डॉर्कसला राहवेना. “अगं पोरी…” तिने तोंड उघडलं.

“तुम्ही नाही!” मिस प्रॉक्टर ओरडली. “तुम्ही गप्प बसा! तुमचा शब्द चालत नाही!”

डॉर्कस उभी होती तशीच राहिली. सेहेचाळीस वर्षं घासलेल्या फरशीवर, स्वतःच्या चुलीपुढे, स्वतःचा चहा संपत असताना तिला गप्प बसायला सांगितलं गेलं होतं, आणि तेही नवऱ्यादेखत. तिचा चेहरा उतरला. रडू यायला लागलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड केलं.

जेबेझची खुर्ची मागे सरकली. तो उभा राहिला. सात कप चहा पोटात घेऊन उभं राहणं सोपं नव्हतं.

“इन्यूफ!” तो गरजला. “ही हिची चूल आहे. इथं हिला कोणी गप्प करायचं नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्यानं तर नाहीच नाही. इन्यूफ!”

मिस प्रॉक्टरने किटली खाली ठेवली आणि पेन्सिलवर झडप घातली. माफी मागायचंही भान तिला राहिलं नाही. तिने दोन अक्षरं लिहिली आणि तिचा हात थांबला. वहीची मागची, शेजारच्या खोऱ्यांची पानं तिने भराभर उलटली. गालांवरचा रंग गेला.

“मिस्टर ऑल्डरसन, तुमचे वडील हा शब्द कसा म्हणायचे?”

“बा? इनीअफ म्हणायचा.”

“आणि आई?”

“इनीअफ. सगळं खोरंच म्हणतं.”

“मग तुम्ही आत्ता इन्यूफ का म्हणालात?”

“मी कुठं म्हणालो?” जेबेझ म्हणाला. मग त्याने तो शब्द पुटपुटत तोंडात घोळवून पाहिला, एकदा, दोनदा. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, नुसता गोंधळ होता. “च्यायला. म्हणालो की.” त्याने डॉर्कसकडे बघितलं. “घरात असंच म्हणतात.”

“घरात कोण म्हणतं?”

“ही. कुत्र्याला, पोरींना, मला. दुसरं कोण बोलतं इथं?”

मिस प्रॉक्टर खुर्चीत बसली. “नासलं,” ती हळूच म्हणाली. “मिकलडेलचा शब्द. थॉर्सडेलच्या सगळ्यात अस्सल माणसाच्या तोंडी.”

डॉर्कस भिंतीकडून वळली. सासूच्या बहिणी हसल्या होत्या त्या शब्दाला. आणि हा माणूस, ज्याने तिच्या स्वयंपाकाला कधी बरं म्हटलं नाही, जो तिच्या बोलण्याकडे पाठ करून पाइप ओढत बसायचा, तो सगळं ऐकत होता. आपल्या बापाचा शब्द टाकून त्याने तिचा उचलला होता, आणि उचलला हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तिला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिने दोन्ही येऊ दिलं.

“आता काय करशील?” तिने मिस प्रॉक्टरला विचारलं.

“म्हणाले ते लिहावंच लागेल. खोडायची परवानगी नाही.” तिने नाक पुसलं आणि थोडा विचार केला. “समासात खुलासा देता येतो. शब्द कोणाकडून आला, नावानिशी.”

“मग लिही की.”

मिस प्रॉक्टर लिहायला लागली. “डॉर्कस ऑल्डरसन, मिकलडेल…”

“थॉर्सडेल,” जेबेझ म्हणाला.

“पण त्यांचा जन्म तर…”

“जन्माचं कोण विचारतंय?” जेबेझ म्हणाला. “शब्द इथला आहे. थॉर्सडेल लिही.”