पहिली नळी

दादाचं नाव यकृतरोपणाच्या प्रतीक्षायादीत राहणार की काढलं जाणार, हे त्या सकाळी ठरायचं होतं; आणि त्याच्या धाकट्या बहिणीला त्या खोलीत एकच अधिकार होता, पडद्यावरचं पान पुढे सरकवण्याचा. रक्ताची चाचणी तिच्याच प्रयोगशाळेतली. नातं तिनं आधीच लेखी कळवलं होतं, त्यामुळे तिचं मत विचारण्याची पंचाईत समितीला उरली नव्हती.

प्रयोगशाळेचे प्रमुख बोलत होते. दारू जनुकांचा मजकूर बदलत नाही, त्यांनी समजावलं. कोणता भाग वाचायचा आणि कोणता गाळायचा, याच्या रासायनिक खुणा तेवढ्या बदलते, आणि त्या रक्तात मोजता येतात. इथवर सारं बिनचूक होतं. मग त्यांचा सूर चढला. रुग्ण म्हणतो, वर्षभर थेंबही घेतला नाही. खुणा म्हणतात, घेतो.

"माणूस थापा मारतो," ते म्हणाले. "रक्त मारत नाही."

दोघे-तिघे हसले. दारू सुटल्यावरही त्या खुणा सावकाश, आणि प्रत्येकात वेगळ्या गतीने मावळतात, हे याच गृहस्थांनी आपल्या निबंधात लिहिलं होतं. विद्वत्तेला स्वतःचंच लेखन विसरण्याची मुभा असते. घरी वहिनी दादाचा पेला अजून हुंगून बघत असे, आणि दादा तो निमूटपणे पुढे करत असे. "घे बाई, हुंग एकदा, म्हणजे मला पाणी पिता येईल." यातलं काहीच पडद्यावर नव्हतं.

आणखीही एक गोष्ट पडद्यावर नव्हती. प्रयोगशाळेचा रिवाज असा, की तपासणीच्या प्रत्येक खेपेची पहिली नळी प्रमुखांच्या रक्ताची. निर्व्यसनी माणसाचा नमुना म्हणून ते स्वतःच मोठ्या कौतुकाने बाही वर करत. यंत्र चाललं एवढं पाहून ती नळी बाजूला पडे. उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे ते कुणी वाचत नसे. काल मात्र, दादाच्या आकड्यात कुठे चूक सापडेल या आशेने, बहिणीने सगळ्याच नळ्या वाचल्या. पहिल्या नळीतल्या खुणा दादाच्या खुणांपेक्षा ठळक होत्या. तिने चाचणी पुन्हा लावली. आकडा जागचा हलला नाही.

समितीतल्या शल्यविशारद बाईंनी पेन उचललं. "म्हणजे नाव काढायचं?"

बहिणीचं बोट बटणावर होतं. पुढचं पान तिने सकाळीच जोडलं होतं. कुणाचं रक्त असं चारचौघांत उघडं करणं गैर होतं, आणि त्यापायी नोकरी जाईल हेही तिला कळत होतं.

"सर," ती म्हणाली, "पहिली नळीही दाखवू का?"

प्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या बोटाकडे. समोरचा पाण्याचा पेला त्यांनी उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"थांबा," ते समितीला म्हणाले. आवाज उतरला होता. "या खुणा पुसल्या जायला वेळ लागतो. काहींना वर्षाहून जास्त. एवढ्यावरून नाव काढणं घाईचं होईल."

ज्या वाक्यासाठी दादाने आठवडेच्या आठवडे हात जोडले होते, ते धास्तीने एका दमात बाहेर काढलं. नाव राहिलं.

खोली रिकामी होताना प्रमुख तिच्याजवळ थबकले. "पहिली नळी आता बदलायला हवी," ते हलकेच म्हणाले.

"हो, सर." तिने न दाखवलेलं पान बंद केलं. "या खेपेला आधी तपासून घेऊ."